भांडणाला जमलेली माणसे

रस्त्यात दोन माणसे भांडू लागली म्हणजे त्यांच्याभोवती बघ्यांचे कडे कसे जमते, हे पाहण्याची आम्हांस लहानपणापासून हौस आहे. भाजीची पिशवी घेऊन निघालेला गृहस्थ थबकतो. सायकलवरून चाललेला विद्यार्थी एक पाय जमिनीस टेकवून उभा राहतो. समोरच्या दुकानातील वाणी तागडी तशीच अधांतरी धरून मान लांब करतो. भांडणाचे कारण कोणास ठाऊक नसते, व ठाऊक करून घेण्याची कोणास घाईही नसते. मग भांडणारांपैकी एक जण दमतो किंवा कोणी वडीलधारा मध्ये पडतो, आणि ते कडे फुटते. घटकाभराने त्याच जागी जावे, तर तेथे काही घडले होते याची खूणदेखील उरलेली नसते. भांडण पाहावयास जमलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी आपण होऊन त्या जागी पुन्हा येऊन उभा राहिला, असे निदान आम्ही तरी पाहिलेले नाही.

२०१९ साली हे कडे आमच्याच भोवती जमले, आणि त्यातली काही माणसे दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या महिन्यात, किंबहुना दुसऱ्या वर्षीही येत राहिली. ती का राहिली आणि जी गेली ती का गेली, याचा विचार आम्ही तेव्हापासून करीत आहोत. त्यात आमची फुशारकी थोडी व फजिती पुष्कळ आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

आमचे एक लहानसे मंडळ आहे. मंडळ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे सतरंजी, लोड आणि चहाचे पेले येतील. परंतु आमचे मंडळ फेसबुकावर भरते आणि त्यातील बहुतेक सभासदांनी एकमेकांस पाहिलेलेही नाही. कोशांत न सापडणारे किंवा सापडले तरी अर्थासह नीट न सापडणारे घरगुती व धंद्यातले मराठी शब्द गोळा करावेत, एवढाच त्याचा उद्योग. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली कोश छापला, दाते व कर्वे यांनी १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले, तरी कोष्ट्याच्या मागावरचे आणि कुणब्याच्या औतावरचे कितीतरी शब्द ज्याच्या त्याच्या तोंडीच राहिले आहेत. ते बोलणाऱ्यांबरोबर नाहीसे होण्यापूर्वी टिपून ठेवावेत, अशी आमची इच्छा होती. तीन वर्षे हे काम चालले होते आणि सभासद होते चौसष्ट. त्यांपैकी लिहिणारे दहा-बारा; बाकीचे, आमच्यावरील लोभामुळे, नुसते वाचणारे.

त्या वर्षीच्या मराठी भाषा गौरवदिनी शेजारच्या तालुक्यातील एका महाविद्यालयात आमचे व्याख्यान झाले. मराठवाड्यात, विदर्भात, खानदेशात ‘मला पेन भेटला’ असे पुष्कळ मुले म्हणतात. पुण्याकडचा मास्तर हसतो आणि सांगतो की, माणसे भेटतात, वस्तू मिळतात. आम्ही म्हणालो की, जो प्रयोग लक्षावधी लोकांच्या घरात चालतो त्याची नोंद कोशात झाली पाहिजे. तो बोलणाऱ्या मुलाची चूक नाही, हसणाऱ्या मास्तराची आहे. येथवर ठीक होते. आजही आम्ही हे विधान मागे घेणार नाही. परंतु टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्या म्हणजे वक्त्याची जीभ सैल होते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारी मंडळी भाषेचे सोवळे नेसून बसली आहेत. त्यांना भाषेला शिवायचे नाही, फक्त दुसऱ्यास शिवू द्यायचे नाही, असा एक विनोद आम्ही केला. सभागृह खदखदून हसले. दुसऱ्या दिवशी एका दैनिकात मथळा आला: ‘अशुद्ध बोला, बिनधास्त बोला! प्राध्यापकांचा सल्ला’.

तो मथळा एका वृत्तवाहिनीने उचलला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मंडळाचे पान उघडले, तो सभासद व्हावयास उत्सुक असलेल्या माणसांची रीघ लागलेली. आठवड्याच्या अखेरीस चौसष्टांचे एकोणीसशे झाले. हे सर्व शब्द गोळा करावयास आले होते असे समजण्याइतके आम्ही भोळे नव्हतो. ते आम्हांस शिव्या द्यावयास आले होते. ‘मास्तर, मराठी शिकवताना लाज वाटत नाही काय?’ असे एकाने विचारले. आम्ही इंग्रजी शिकवतो. पण ते असो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. शिव्या झोंबत होत्या, तरी तो वाढता आकडा पाहून आम्हांस आतून गुदगुल्या होत होत्या. तीन वर्षे चौसष्टांपुढे न सरकलेले मंडळ एका मथळ्याने एकोणीसशेंवर गेले! रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या आम्ही दूरध्वनीयंत्र काढून आकडा पाहत असू. घरातून एकदा विचारणाही झाली की, एवढे हसू कशाचे येते आहे. त्याच उमेदीत आम्ही चार पानांचे उत्तर लिहिले. त्यात पाणिनी होता, ज्ञानेश्वर होते, इंग्रजी भाषाशास्त्रज्ञ होते. मथळा खोटा कसा, बातमीदार अडाणी कसा आणि टीकाकार अर्धशिक्षित कसे, याचे मुद्देसूद विवेचन होते. नव्हती ती फक्त एक ओळ: विनोद वाईट होता, ही.

त्या चार पानांनी काय झाले, ते थोडक्यात सांगतो. शिव्यांना नवा विषय मिळाला, आकडा आणखी दोनशेंनी वाढला, आणि आमचे तीस वर्षांचे स्नेही, आमच्याच महाविद्यालयात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, मंडळातून निघून गेले. ते शुद्धलेखनाचे कडवे अभिमानी. आमच्या प्रत्येक पुस्तकाची मुद्रिते त्यांनी फुकट तपासली होती. सोवळ्याचा विनोद त्यांस कितपत लागला असेल, याचा आम्ही विचारच केला नव्हता. त्यांनी भांडण केले नाही. ‘आपल्या कार्यास शुभेच्छा’ एवढेच लिहून ते गेले. संध्याकाळच्या फिरण्यात आमच्या डाव्या हाताची जागा त्या दिवसापासून रिकामी झाली.

आमची अशी लढाई चालू असता मंडळातील एक वयोवृद्ध सभासद निराळाच उद्योग करीत होत्या. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका; त्यांस आम्ही सर्व जण बाई म्हणतो. कोणी शिवी लिहिली की तिच्याखाली बाई लिहीत: ‘आपले म्हणणे वाचले. आपल्या घरी तव्यावरची पोळी उलटण्याच्या साधनाला काय म्हणतात?’ बस्स, एवढेच. पहिल्या गृहस्थाने चिडून उत्तर दिले, ‘उलथणे म्हणतात, दुसरे काय म्हणणार?’ त्याखाली दुसऱ्याने लिहिले, ‘आमच्याकडे कालथा.’ तिसरा म्हणाला, ‘सराटा.’ चौथ्याने उचटणे आणले. सायंकाळी पाहतो, तो सकाळी आमचा उद्धार करणारे दोघे सराटा श्रेष्ठ की उलथणे, या वादात इतके रंगले होते की आम्ही या जगात आहोत याचाही त्यांस विसर पडला होता.

खरे सांगावयाचे तर हे आम्हांस आवडले नाही. आमच्यावर बाण सुटत असता बाईंनी स्वयंपाकघर कसले काढले? आम्ही त्यांस तसे दूरध्वनीवरून विचारलेही. त्या म्हणाल्या, ‘सर, पहिलीच्या वर्गात नवीन मूल रडत आले की त्याला गप्प बस म्हणायचे नसते. त्याच्या हातात खडू द्यायचा असतो.’ आम्ही हं हं म्हणून विषय बदलला.

त्याचा अर्थ आम्हांस कळला तो एप्रिलमध्ये. आमचा एक जुना विद्यार्थी बंगळूरला संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि रात्री जागून विकिपीडियावर लेख लिहितो. सुट्टीत तो भेटावयास आला. आमची हकीकत ऐकून तो म्हणाला, ‘सर, विकिपीडियावर २००५ साली असेच झाले होते, ते तुम्ही वाचा.’ आम्ही वाचले. ती हकीकत आमच्याहून फार मोठी व फार शिकवणारी आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

विकिपीडिया हा महाजालावरील ज्ञानकोश वाचकांच्या नित्य परिचयाचा आहे. २००१ च्या जानेवारीत तो इंग्रजीत सुरू झाला; मराठी आवृत्ती २००३ ची. कोणीही यावे आणि लिहावे, ही त्याची रीत. २००५ च्या मे महिन्यात कोणा अज्ञात माणसाने त्यात जॉन सीगेंथालर या वृद्ध अमेरिकन पत्रकाराचे चरित्र म्हणून चार ओळी लिहिल्या. हा गृहस्थ साठीच्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट केनेडी यांचा सहायक होता आणि पुढे त्यांच्या शवपेटीस त्याने खांदा दिला होता. त्याच्याविषयी लिहिले होते की, जॉन व रॉबर्ट या दोघा केनेडी बंधूंच्या खुनांत याचा हात असल्याचा काही काळ संशय होता. सिद्ध काहीच झाले नाही. हा मजकूर १३२ दिवस तसाच राहिला. ज्याच्या मृत्यूचा शोक केला त्याच्याच खुनाचा संशय अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या नावापुढे वाचावा लागणे, यासारखे दुःख कोणते? २९ नोव्हेंबर २००५ रोजी सीगेंथालर यांनी ‘यूएसए टुडे’ या पत्रात आपली कैफियत मांडली आणि एकच गहजब उडाला. ‘कोणीही लिहावे’ या तत्त्वाचा हा परिणाम! ज्ञानकोश म्हणवणारा हा बाजारगप्पांचा कट्टा बंद झाला पाहिजे, असे पुष्कळांनी म्हटले.

येथे विकिपीडियाच्या चालकांपुढे आमच्यापुढे होते तेच दोन मार्ग होते. आमची चार पाने त्यांनाही लिहिता आली असती. हजारो लेखांत एक लेख चुकला तर काय बिघडले, असे म्हणता आले असते. परंतु त्यांचे प्रमुख जिमी वेल्स डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात सीगेंथालर यांच्याबरोबर दूरचित्रवाणीवर बसले. ज्याने आपले नाव नोंदवले नाही त्यास इंग्रजी विकिपीडियावर नवा लेख सुरू करता येणार नाही, असा निर्बंध त्याच सुमारास घातला गेला; आणि हयात माणसांच्या चरित्रांविषयी कडक नियम त्याच वादातून आकारास आला. आधीचे लेख सुधारण्याचे दार मात्र उघडेच राहिले. त्या अज्ञात लेखकाचाही शोध लागला. सोबत्याची थट्टा करावी म्हणून आपण ते लिहिले, असे त्याने कबूल केले आणि नोकरी सोडली. तेव्हा खुद्द सीगेंथालर यांनी त्याच्या धन्याकडे रदबदली केली की, यास परत कामावर घ्यावे. आम्हांस या साऱ्या प्रकरणातले हेच पान सर्वांत मोठे वाटते. पण ते आमच्या विषयाबाहेरचे आहे.

वादळ चालू असतानाच, त्याच डिसेंबरात, ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकाने एक तुलना प्रसिद्ध केली. विज्ञानविषयक बेचाळीस लेख विकिपीडियातून व तेच ब्रिटानिका विश्वकोशातून घेऊन तज्ज्ञांकडून तपासून घेतले. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका मात्र दोघांच्याही चार-चार. यावर दोन्ही पक्षांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. विकिपीडियाच्या हौशी लेखकांनी चुकांची यादी पुढे ठेवली आणि एकेक चूक दुरुस्त करीत खोडीत सुटले. थोड्याच आठवड्यांत त्यांनी यादी संपवली. ब्रिटानिकाने २००६ च्या मार्चमध्ये नेचरच्या पद्धतीचे दोष दाखवणारे लांबलचक खंडन छापले व तो लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. नेचरने ती नाकारली. आता, ब्रिटानिकाच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांचे कित्येक आक्षेप विचारात घेण्याजोगे होते. आमच्या चार पानांतही तथ्य होतेच की! परंतु खंडन वाचून वाचकाने पुढे करावयाचे काय? फार तर मान डोलवावी व पान उलटावे. चुकांची यादी मात्र जो वाचील त्यास हातात लेखणी घ्यावीशी वाटते.

बाईंचा खडू तो हाच, हे आम्हांस त्या दिवशी उमगले. ओरडत आलेल्या माणसास विकिपीडिया असे म्हणत होता की, बाबा रे, चुकले आहे खरे. तू दुरुस्त कर. जो चूक दाखवावयास येई त्यातलाच एखादा चूक काढून टाकी. आणि एकदा आपल्या हाताने काढलेली चूक पुन्हा कोणी घातली तर नाही ना, हे पाहावयास तो दुसऱ्या दिवशी परत येई. रस्त्यावरच्या बघ्याला दुसऱ्या दिवशी येण्याचे कारण नसते, याला होते. १ मार्च २००६ रोजी इंग्रजी विकिपीडियाचे दहा लाख लेख पुरे झाले. हे त्या वादामुळेच झाले असे म्हणणे धाडसाचे होईल, कारण वाढ आधीपासूनच वेगाने होत होती. परंतु ज्या वादाने तो बुडावा असे कित्येकांस वाटले होते, त्याने तो बुडाला नाही, हे तर दिसतेच.

आमच्या महाराष्ट्रास हा प्रकार अगदीच अपरिचित आहे असेही नाही. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला आणि वर्षभरातच कोल्हापूरप्रकरणात सापडला. तेथील तरुण महाराजांच्या छळाविषयी लिहिताना दिवाण बर्वे यांची म्हणून जी पत्रे आधाराला घेतली, ती बनावट निघाली. टिळक व आगरकर यांनी दिलगिरी प्रकट केली. तरी १८८२ च्या जुलैत दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी एकशे एक दिवस काढले. सुटून आले त्या दिवशी लोकांनी मोठे स्वागत केले, हे आम्ही शाळेत वाचले होते. बनावट पत्रांचा आणि दिलगिरीचा भाग मात्र आमच्या मास्तरांनी घाईघाईने उरकला होता, तो आम्हांस पुढे मोठेपणी कळला. स्वागताला जमलेले लोक हार घालून घरी गेले असते तर ते कडेही फुटलेच असते. परंतु त्या मंडळींजवळ लोकांना देण्याजोगे काम होते. न्यू इंग्लिश स्कूल १८८० पासूनच चालू होते. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्गसन कॉलेज. ज्यास सहानुभूती वाटे त्याने वर्गणी द्यावी, मुलगा शाळेत घालावा, अंक घ्यावा. सहानुभूतीला खर्ची पडावयास जागा होती. ही सर्व त्या एका खटल्याची फळे, असा हिशेब इतिहासाचा अभ्यासक मांडणार नाही व आम्हीही मांडत नाही. परंतु जेथे कामच नसते तेथे खटला गाजून काय उरते, याचे उदाहरण शोधावयास आम्हांस घराबाहेर जावे लागत नाही.

तर आम्ही आमच्या मंडळाकडे परत आलो. एप्रिलच्या अखेरीस आम्ही त्या दैनिकाला पत्र लिहिले. ‘भेटणे’ या शब्दाविषयीचे आमचे मत कायम आहे. परंतु शुद्धलेखनाचा कळकळीने आग्रह धरणाऱ्या विद्वानांची आम्ही केलेली थट्टा अनुचित होती व तीबद्दल आम्हांस खेद वाटतो, असा त्याचा आशय. ते पत्र पाचव्या पानावर, पावसाच्या अंदाजाखाली, दोन बोटे जागेत छापले गेले. मथळा पहिल्या पानावर होता, ही तक्रार करण्यात अर्थ नव्हता. तेच पत्र आम्ही मंडळाच्या पानावर सर्वांत वर लावले आणि त्याखाली बाईंच्या हस्ते एक प्रश्न टांगला. दर सोमवारी नवा प्रश्न: बी पेरावयाच्या औताला तुमच्याकडे काय म्हणतात? कोष्ट्याच्या धोट्याला काय? नव्याने येणाऱ्या प्रत्येकास, तो कोणत्याही हेतूने आलेला असो, जुन्या सभासदांपैकी कोणी तरी एका दिवसाच्या आत एक प्रश्न विचारावयाचा, असा पाठ पाडला.

माणसे जाऊ लागली. मेपर्यंत रोज वीस-पंचवीस नावे गळत होती, आणि तो उतरता आकडा पाहणे पहिल्यापहिल्याने आम्हांस शिव्यांहून जड गेले. वर्षाअखेरीस एकवीसशेंचे सहाशे राहिले. परंतु ज्यांनी एक तरी शब्द लिहिला होता अशांची आम्ही मोजदाद केली, तो ते दोनशे बारा भरले, आणि त्यांतले गेलेले फारच थोडे. ज्याचा सराटा एकदा आमच्या यादीत लागला, तो आपला सराटा सोडून कोठे जाणार? आम्हांस लाज वाटते का असे विचारणारे गृहस्थ आज आमच्या औतकाठीच्या शब्दांची व्यवस्था पाहतात. त्यांस आमच्याविषयी आदर वाटू लागला आहे, अशी आमची समजूत नाही. कुळव आणि वखर यांतला भेद आम्हांस कळत नाही, एवढे त्यांनी पक्के ओळखले आहे व ते बरोबर आहे.

वाचकांस वाटेल की आता सर्व गोड झाले. आम्हांसही तसेच वाटले होते. गर्दीचा अनुभव घेतलेल्या माणसास नियमांची भूक लागते. कोणी खोटे शब्द घुसडू लागले, कोणी चावट; म्हणून आम्ही नऊ नियम केले. नवा शब्द देणाऱ्याने त्याचा लेखी आधार द्यावा, हा सहावा. एके दिवशी यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याने तिफणीच्या भागांची नावे लिहून पाठवली. चाडे, नळे वगैरे. काही आम्ही कधी ऐकलेलीही नव्हती. आमच्या एका विद्वान सभासदाने तत्काळ खाली लिहिले: ‘संदर्भग्रंथ कोणता?’ तो बिचारा काय सांगणार? तिफण ग्रंथात नसते, शेतात असते. त्याने दुसऱ्या दिवशी आपला मजकूर काढून घेतला व निघून गेला. कोशात नसलेले शब्द गोळा करणाऱ्या मंडळाने शब्द कोणत्या पुस्तकात आहे असे विचारावे, यातला विनोद आम्हांस दोन दिवसांनी कळला, आणि तो सोवळ्याच्या विनोदाहून फार चांगला होता. फक्त या खेपेस सोवळे आम्हीच नेसलो होतो.

बंगळूरच्या विद्यार्थ्याला ही हकीकत सांगितली, तेव्हा तो हसला नाही. इंग्रजी विकिपीडियाचेही पुढे असेच झाले, असे त्याने सांगितले. २००७ साली तेथे नियमाने लिहिणारांची संख्या सुमारे ५१,००० होती. २०१३ पर्यंत ती ३१,००० च्या आसपास उतरली. या घसरणीचा अभ्यास करणारांना असे आढळले की, गर्दीच्या काळात चुका व खोड्या आवरण्यासाठी जे नियम व जी यंत्रे उभारली, त्यांचा तडाखा भल्या नवख्यांनाही बसू लागला. पहिलाच लिहिलेला मजकूर कोणी खोडून टाकला की तो मनुष्य सहसा परत येत नसे. पुढे २०१२ साली नवख्यांचे स्वागत करावयास तेथे एक निराळी जागा केली. तिचे नाव ‘टीहाउस’, म्हणजे चहाचे दुकान. नवख्याने काहीही विचारावे व जाणत्याने न रागावता सांगावे. एवढ्या मोठ्या यंत्रनिपुण लोकांना शेवटी चहाच आठवला, हे वाचून आमच्या मनास फार बरे वाटले. सतरंजी, लोड आणि पेले आमच्याही मंडळात असते तर तो शेतकरी उठून गेला नसता.

सहावा नियम आम्ही काढला. आधाराच्या जागी गावाचे नाव व शब्द कोणाच्या तोंडून ऐकला ते विचारू लागलो. बाईंनी त्या शेतकऱ्याचा पत्ता काढून त्यास स्वतः दूरध्वनी केला. काय बोलल्या ते त्यांनी सांगितले नाही. परंतु पंधरा दिवसांनी तिफण परत आली आणि तिच्यामागून बैलगाडीही आली.

आमचे संस्कृताचे स्नेही मात्र आले नाहीत. आम्ही त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी चहा दिला, प्रकृतीची चौकशी केली, आणि मंडळाचा विषय निघताच खिडकीबाहेर पाहू लागले. जून महिन्यात एक टपालाचा लिफाफा आला. आत वर्तमानपत्राचे एक कात्रण होते: आमचे पाचव्या पानावरचे पत्र. त्यातल्या दोन शब्दांखाली तांबड्या शाईची बारीक रेघ ओढलेली होती आणि समासात मुद्रिते तपासताना करतात तशा खुणा होत्या. एक शब्द ‘दिलगीरी’; त्यातील दुसरी वेलांटी पहिली करावी, अशी खूण. दुसरा ‘चुक’, तेथे उकार दीर्घ करावा. चिठ्ठी नव्हती, सही नव्हती. पण ते अक्षर आम्ही तीस वर्षे ओळखतो.

ते कात्रण आमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. ‘दिलगीरी’ची चूक आमची. ‘चुक’ची मुद्रकाची असावी, असे आम्ही अद्याप म्हणतो, बाईंना ते पटत नाही.